ढोकीच्या पुढं

लिलावातली ॲम्ब्युलन्स आम्ही तिघांत घेतली.
मोईजचे साठ हजार, अंगदचे पन्नास,
माझे म्हणजे खरं तर वंदनाच्या भिशीचे.
मोईजनं दोनदा पांढरा रंग मारला तरी
दारावरची लाल फुली कडक उन्हात वर यायचीच,
पाठीवरच्या जुन्या वळासारखी.

स्ट्रेचर काढून पलंग. सलाईनच्या हुकाला कांद्याची पिशवी.
वंदनाच्या विटक्या साडीचा पडदा.
अंगद पाट्या रंगवतो, त्यानं मागच्या दारावर होडी काढली.
होडी त्यानं कधी पाहिलेली नव्हती,
म्हणून ती थोडी बैलगाडीवर गेली.

हर्णैला चार रात्री गाडीतच झोपलो.
दार उघडं टाकलं की समुद्र पायथ्याशी यायचा
आणि रात्रभर कुणी ज्वारी पाखडावी तसा आवाज.
संध्याकाळी वाळूत लिलाव. बोली आम्हाला कळेना.
आम्ही आपले मोंढ्यात उभं राहतो तसे उभे,
हात मागं बांधून.
टोपलीवाल्या बाईनं विचारलं, कुठले?
लातूरचे.
तिकडं समुद्र नाही?
अंगद म्हणाला, समुद्र कशाचा, मावशी,
एका साली प्यायचं पाणी रेल्वेनं आलतं.
ती बघतच राहिली. मग काही न बोलता
वजन झाल्यावर दोन बांगडे वरून टाकले.

परतताना थर्माकोलच्या खोक्यात सुरमई, बांगडे.
बर्फ टेंभुर्णीत एकदा बदलला.
येडशी मागं पडलं, ढोकी गेली,
आणि ढोकीच्या पुढं, रात्री अडीचला,
रस्त्याच्या मधोमध एक माणूस मोबाइलची बॅटरी हलवत.
कडेला मोटारसायकल. मैलाच्या दगडावर
दगडालाच दोन्ही हातांनी धरून बसलेली बाई.
"दादा, ॲम्ब्युलन्स हाय नव्हं?"
रंग, पडदा, होडी, त्याला काही दिसलं नाही.
फुली दिसली.
मी आणि अंगद म्हणालो, नाही.
मोईज म्हणाला, "हाय. उचला."

कांद्याची पिशवी तिच्या डोक्यावर हिंदकळत होती.
मी उशाशी, खोकं सरकू नये म्हणून
त्याला पाय लावून बसलेलो.
"कशाचा वास येलालाय ह्यो?"
मोईज पुढूनच ओरडला, "समुद्राचा, ताई."
कळ ओसरेपर्यंत ती गप्प होती.
मग म्हणाली, "मग खिडकी उघडा की जरा."

सायरनची वायर मोईजनं कधी तोडलीच नव्हती.
चालतो का, तेही माहीत नव्हतं. त्यानं बटण दाबलं.
दोन्ही बाजूंच्या उसात तो आवाज शिरला
आणि मुरूडपर्यंतची सगळी कुत्री उठली.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, गाडी कुठली?
अंगद म्हणाला, घरची.

मग आम्ही पोर्चमध्ये. बर्फ संपत आलेला,
मागच्या दारातून पाणी थेंब थेंब गळत होतं
आणि त्या पाण्याभोवती मांजरं येऊन बसली,
एक, मग तीन, मग मोजली नाहीत.
वॉचमन बघून गेला. काय गळतंय, म्हणाला नाही.
उजाडायच्या आत आम्ही निघालो,
आत काय झालं ते न विचारता.
धीर नव्हता, एवढंच.

अर्धे मासे टाकावे लागले.
वंदनानं चादर अंगणात झटकली: वाळू, खवले.
डाग मग वेगळा धुतला, गार पाण्यात, मीठ लावून.
कसा होता समुद्र, तिनं विचारलं.
मी सांगायला लागलो
ते ढोकीच्या पुढनंच सांगायला लागलो.

नवव्या दिवशी अंगदला फोन आला.
नंबर कधी दिला, त्यालाही आठवेना.
पोरगी हाय, बारशाला या समदे.
आणि मागून बाईचा आवाज,
"पर ते खोकं आणू नका म्हणावं."